एका खाटेभोवती पाच कायदे

नागपूरचं मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि देशाचा परिचर्या (नर्सिंग) कायदा एकाच वयाचे, दोघेही १९४७चे. पुढच्याच वर्षी फार्मसीचा आणि दंतवैद्यकाचा असे आणखी दोन कायदे आले. डॉक्टरांसाठी १९३३चा कायदा होताच, तो १९५६मध्ये नव्याने झाला. प्रत्येक कायद्यासोबत वेगळी परिषद, वेगळं नोंदणीपुस्तक, वेगळा अभ्यासक्रम आणि तपासणीला येणारे वेगळे निरीक्षक आले. बोगस माणसं बाहेर ठेवायची होती, तेव्हा हे गरजेचंच होतं. पण या सगळ्यात डॉक्टरकी, नर्सिंग, फिजिओ अशा दोन कोर्सची मुलं एका बाकावर बसून सोबत शिकतील असा तास, म्हणजेच ‘आंतरव्यावसायिक शिक्षण’, राहूनच गेलं. तशी मनाई कुठेच नव्हती. त्या तासाची हजेरी कोणाच्या मस्टरवर घ्यायची, एवढंच कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

खरं तर परिचर्या कायद्याच्या आदल्याच वर्षीच्या, म्हणजे १९४६च्या भोर समितीच्या अहवालात आरोग्याची टीम अगदी माणसं मोजून मांडलेली होती. ४०,००० लोकसंख्येमागे दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, चार प्रशिक्षित दाया, एक फार्मासिस्ट, शिवाय स्वच्छता निरीक्षक वगैरे. कागदावर शेजारी शेजारी असलेली ही माणसं प्रत्यक्षात एकमेकांना पहिल्यांदा भेटायची ती नोकरीवर रुजू झाल्यावर. अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या १९७८च्या जाहीरनाम्यात आरोग्य चमू म्हणून काम करता येईल असं प्रशिक्षण सर्वांना द्या, असं स्पष्ट आलं. दहा वर्षांनी जिनिव्हाहून आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाचा सूरही तोच, की सोबत काम करायचं असेल तर सोबत शिका. त्याच संघटनेच्या २०१०च्या आराखड्याने ‘एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत’ शिकणं ही व्याख्या रूढ केली. कार्यशाळांच्या पहिल्या स्लाइडवर आज तीच असते.

आपल्या भागात याच्या जवळ जाणारा प्रयोग सेवाग्रामला झाला. १९६९पासून तिथली वैद्यकीयची पोरं पहिल्याच वर्षी गावात मुक्काम करतात, घरोघरी फिरतात. नागपुरात असं काही घडलं नाही. १९९८मध्ये नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आलं आणि वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा सगळ्यांच्या पदव्या एका शिक्क्याखाली आल्या. आता तरी मुलं एकत्र येतील असं आम्हा काही जणांना वाटलं होतं. शिक्का एक झाला, वेळापत्रकं होती तशीच राहिली. मेडिकलच्या आवारात डेंटलची, नर्सिंगची, फिजिओची मुलं एकाच टपरीवर चहा घेतात, पण आपापल्या कोंडाळ्यात.

मराठीत हा विषय सांगताना पहिली ठेच शब्दालाच लागते. ‘आंतरव्यावसायिक शिक्षण’ हा शब्द कागदावर बरा दिसतो, पण ‘व्यवसाय शिक्षण’ म्हटलं की आपल्याला आयटीआयचं वर्कशॉप आठवतं आणि नुसतं ‘व्यवसाय’ म्हटलं की दुकान. मग लोक ‘टीमवर्क’ म्हणून मोकळे होतात, आणि टीमवर्क हा स्वभावाचा गुण समजला जात असल्यामुळे तो शिकवायची गरजच उरत नाही. ‘निमवैद्यकीय’ तर त्याहून वाईट. निम म्हणजे अर्धं, त्यात ‘नीम हकीम’ची म्हण सर्वांच्या तोंडी. डायलिसिसचं मशीन चार तास सांभाळणारा माणूस कशाच्या मापाने अर्धा, हे मला अजून कळलेलं नाही.

२०२१मध्ये अशा तंत्रज्ञ आणि थेरपिस्ट मंडळींसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. तो यायला स्वातंत्र्यानंतर ७४ वर्षं लागली, हे इथे नोंदवून ठेवतो. त्याने ‘निम’ काढून टाकलं, पण नवीन गुंता केला. कायद्यात दोन पायऱ्या आहेत. दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचा डिप्लोमा किंवा पदवी असेल तर तुम्ही ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’. तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांची पदवी असेल तर ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’. या दुसऱ्या नावात डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, फार्मासिस्टही नाहीत, कारण त्यांचे कायदे वेगळे. म्हणजे बोलीभाषेत ज्या शब्दात सगळे मावतात, तोच शब्द कायद्याने फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ अशा काहींपुरता राखून ठेवला. ‘आरोग्यसेवा व्यावसायिकांचं एकत्रित प्रशिक्षण’ असं परिपत्रक निघालं, तर त्यात नर्सिंगच्या मुली येतात की नाही? बोलीप्रमाणे येतात, कायद्याप्रमाणे नाहीत. आणि ‘संलग्न’ म्हणजे कोणाला संलग्न, हा प्रश्न तर कायद्याने सोडवलेलाच नाही.

या गुंत्याचं टोक २०२५मध्ये दिसलं. फिजिओथेरपीच्या नव्या अभ्यासक्रमाने पदवीधरांना नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ (फिजिओथेरपिस्ट) लावायला वाट करून दिली. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या आरोग्य सेवा महासंचालनालयातून तसं करू नका म्हणून पत्र निघालं आणि दुसऱ्याच दिवशी ते थांबवण्यात आलं. दोन्ही बाजूंना आपापली कारणं आहेत. रुग्णाची दिशाभूल होईल ही भीती अगदीच खोटी नाही. पण त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर जेवढं लिहिलं गेलं, त्यातल्या शंभराव्या हिश्शाइतकंही कोणी रुग्णाच्या फायलीबद्दल लिहिलं नाही.

फायलीचं सांगतो. शहरातल्या एका रुग्णालयात, नाव नको, लकवा मारलेले एक बाबा भरती होते. संध्याकाळी फिजिओच्या मुलीला दिसलं की पाणी पिताना त्यांना ठसका लागतो. तिने ते आपल्या विभागाच्या रजिस्टरमध्ये लिहिलं. आहाराच्या तक्त्यावर ‘पातळ’ असं कालचंच राहिलं होतं. सिस्टरच्या रिपोर्ट बुकात रात्रीचा बीपी आणि शुगर. सकाळी चहा आला, बाबांनी घेतला, आणि दुपारपर्यंत छातीत घरघर सुरू झाली. राउंडला विचारपूस झाली तेव्हा झाडझूड करणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘बाबांना तर रातीच ठसका लागला होता ना जी.’ तीन ठिकाणी तीन नोंदी होत्या. सगळं माहीत होतं ते मावशींना, आणि त्यांच्याकडे वही नव्हती.

ऑपरेशन थिएटरात मात्र या बाबतीत काही तरी हललं. २००८मध्ये आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादीत १९ मुद्दे आहेत. त्यातला एक असा की चीर घेण्याआधी थिएटरातल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. जगातल्या आठ रुग्णालयांत, त्यातलं एक दिल्लीतलं, ही यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचं २००९मध्ये प्रसिद्ध झालं. आमच्याकडे नाव सांगायची वेळ आली की मुलं अजून लाजतात, आणि सिस्टर ‘सिस्टर’ एवढंच सांगतात.

एमबीबीएसचा अभ्यासक्रम २०१९मध्ये बदलला. नव्या डॉक्टरच्या पाच भूमिका ठरल्या, त्यातली एक ‘आरोग्य चमूचा नेता आणि सदस्य’. आधी नेता, मग सदस्य, हा क्रम कोणी ठरवला कोण जाणे. २०२१च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमातही संघकार्य आणि सहकार्य ही क्षमता आली. म्हणजे दोन्ही बाजूंना धडा आहे, तो शिकवायचा मात्र आपापल्या इमारतीत. २०२२पासून वैद्यकीयच्या मुलांना कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. नर्सिंगच्या मुली आधीपासूनच कुटुंबांच्या फायली लिहितात. एकाच वस्तीत मंगळवारी हे जातात, गुरुवारी त्या. घरातली आजी दोघांनाही तेच सांगते आणि दोनदा बीपी मोजून घेते.

इंटर्न मुलांना टीममध्ये काम केल्याची नोंद लॉगबुकात करावी लागते. मी तपासलेल्या लॉगबुकांत त्या नोंदीखाली सही असते विभागातल्या डॉक्टर शिक्षकाची. रात्रभर सोबत ड्युटी केलेल्या सिस्टरच्या सहीसाठी रकाना नाही. एका पोराने गेल्या वर्षी समासात ती घेतली होती, आम्ही त्याला पान पुन्हा लिहायला लावलं.