मेटागेमिंग : खेळाडूचे ज्ञान आणि पात्राचे ज्ञान

ऑनलाइन रोलप्ले म्हणजे अनेकांनी इंटरनेटवरून एकत्र येऊन, प्रत्येकी एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ. त्यात खेळाडूला स्वतःला ठाऊक असलेली, पण त्याच्या पात्राला कळण्याचा कोणताच मार्ग नसलेली माहिती पात्राच्या वागण्यात वापरणे याला मेटागेमिंग म्हणतात. खेळणाऱ्यांच्या तोंडी त्याचे नुसते ‘मेटा’ किंवा ‘एमजी’ होते. कथेला महत्त्व देणाऱ्या बहुतेक सर्व्हरवर ‘मेटा केला’ हा आरोप गंभीर मानला जातो आणि वारंवार तसे करणाऱ्याला खेळातून काढूनही टाकले जाते. पात्राने पात्राच्या जगात केलेले आणि बोललेले ते ‘आयसी’, म्हणजे पात्रात राहून. खेळाडूने खेळाडू म्हणून बोललेले ते ‘ओओसी’, म्हणजे पात्राबाहेर, हा भेद या संकल्पनेच्या मुळाशी आहे.

‘मेटागेम’ हा शब्द मुळात भूमिकाखेळांचा नाही. नायजेल हॉवर्ड यांनी 1971 मध्ये गेम थिअरीच्या, म्हणजे परस्परांवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणिती अभ्यासाच्या, संदर्भात तो वापरला आणि पुढे तो निरनिराळ्या खेळांत निरनिराळ्या अर्थांनी रुळला. स्पर्धात्मक व्हिडिओ गेममध्ये ‘सध्याचा मेटा’ म्हणजे त्या वेळी सर्वांत परिणामकारक ठरणारी डावपेचांची पद्धत. तिथे मेटा जाणणे हे कौशल्य समजले जाते. रोलप्लेमध्ये मात्र हाच शब्द दोषवाचक आहे, त्यामुळे एका प्रकारच्या खेळातून दुसऱ्या प्रकारात आलेला नवखा खेळाडू सुरुवातीला हमखास गोंधळतो.

हा प्रश्न ऑनलाइन खेळांच्याही आधीचा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा भूमिकाखेळ 1974 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातला ट्रोल हा राक्षस या चर्चेचे जुने उदाहरण आहे. ट्रोलच्या जखमा आपोआप भरून येतात. ते थांबवायचे तर त्याला आगीने किंवा आम्लाने पोळावे लागते. हे एकदा खेळलेल्या प्रत्येकाला माहीत असते. आता असा अनुभवी खेळाडू एखाद्या खेडवळ पोराची भूमिका करतो आहे, पोराने आयुष्यात ट्रोल पाहिलेला नाही, आणि पहिल्याच भेटीत तो तलवार बाजूला ठेवून मशाल उचलतो. हे उघड मेटागेमिंग झाले. पण तोच खेळाडू, आपल्यावर आळ येऊ नये म्हणून, मुद्दाम तीन फेऱ्या तलवारच चालवत राहिला तर? तलवारीमागचे कारणही पात्राचे अज्ञान नसून खेळाडूचे ज्ञानच असते, फक्त ते उलट्या दिशेने काम करते. अंधारात अचानक अंगावर आलेल्या प्राण्यापुढे हातातली मशाल नाचवणे हे अनभिज्ञ माणसालाही सुचू शकते, आणि ते खरोखर सुचले असते की नाही हे आता त्या खेळाडूलाच सांगता येत नाही. कारण जे माहीत आहे ते माहीत नसते तर आपण काय केले असते, हे ठरवायला माणसाजवळ विश्वासार्ह साधन नाही.

मानसशास्त्रात याला आधार सापडतो. घटनेचा निकाल कळल्यावर तो आधीपासून अटळच होता असे माणसांना वाटू लागते, हे बारूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रयोगाने दाखवले. स्वतःजवळची जादा माहिती बाजूला ठेवून अनभिज्ञ माणसाचा अंदाज बांधणे कठीण जाते, या अनुभवाला कॅमेरर, लोवेन्स्टाइन आणि वेबर यांनी 1989 मध्ये ‘ज्ञानाचा शाप’ असे नाव दिले. म्हणून ‘विसरून खेळा’ हा सल्ला ऐकायला सोपा असला तरी तो अमलात आणता येत नाही. अनुभवी सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारे, त्याऐवजी एकच प्रश्न विचारतात : हे पात्राला कुठून कळले? आजीच्या गोष्टींतून कळले असेल तर तसे आधी ठरलेले असावे, नाहीतर पात्राच्या बहुश्रुततेवर फासा टाकून पाहावा. काही सूत्रधार तर राक्षसाचे मर्मस्थानच बदलून टाकतात आणि जाणत्यांची पंचाईत करतात.

समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अर्व्हिंग गॉफमन यांच्या चौकटींच्या विश्लेषणाचा आधार घेऊन, भूमिकाखेळातल्या माणसाच्या तीन चौकटी दाखवल्या : रोजच्या जगातला माणूस, नियम जाणणारा खेळाडू आणि कथेतले पात्र. माणसाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक असणे हीच इथली स्वाभाविक स्थिती आहे. तेव्हा मेटागेमिंगचा नियम ज्ञान असण्यावर बंदी घालत नाही. ज्ञान कोणत्या चौकटीतून आले आणि कोणत्या चौकटीत वापरले, एवढेच तो पाहतो.

इंटरनेटवर आल्यावर या नियमाला वेगळे वळण लागले. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात 1978 मध्ये सुरू केलेला ‘मड’ आणि जेम्स ॲस्पनेस यांनी 1989 मध्ये तयार केलेला ‘टायनीमड’ हे सगळे शब्दांतून चालणारे खेळ होते. पात्राचे बोलणे, खेळाडूंच्या आपसातल्या गप्पा आणि कथेतले वर्णन एकाच पडद्यावर, एकाच टंकात येऊ लागले. टेबलाभोवती बसलेला माणूस आवाज बदलून किंवा मान वळवून ‘हे मी बोलतोय’ असे सुचवू शकतो. मजकुरात तेवढी सोय नाही. त्यातून पात्राबाहेरचे बोलणे दुहेरी कंसात लिहिण्याचा संकेत रूढ झाला. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा खेळ अनेकांना एकत्र खेळता यावा म्हणून 2006 मध्ये आलेल्या ‘सॅन अँड्रियास मल्टिप्लेअर’वरच्या रोलप्ले सर्व्हरवर तर जवळच्या खेळाडूंशी पात्राबाहेर बोलण्यासाठी ‘स्लॅश बी’ अशी वेगळी आज्ञाच वापरात आली.

लिखित रोलप्लेतला सर्वांत फसवा प्रकार मात्र कंसांनी सुटत नाही, कारण तिथे माहिती कथेच्या वर्णनातूनच फुटते. समजा एका खेळाडूने लिहिले : ‘महादेव दार उघडतो. पाहुण्याला पाहताच त्याला तीन वर्षांपूर्वीची चोरी आठवते, पण तो हसून म्हणतो, या, बसा.’ यावर दुसऱ्याने लिहिले : ‘पाहुणा चपापतो. ती चोरी मी केलेली नाही, असे तो म्हणतो.’ महादेव चोरीबद्दल एक अक्षर बोललेला नाही. ते वाचले आहे पाहुण्याच्या खेळाडूने. पाहुण्याच्या वाट्याला आले आहे ते फक्त एक हसू आणि बसण्याचे आमंत्रण. म्हणून जाणते लेखक मनातला विचार सरळ न लिहिता बाहेर दिसेल तेवढेच लिहितात : ‘महादेव क्षणभर उंबऱ्यातच थबकतो, मग हसतो.’ आता पाहुण्याला संशय घ्यायचा असेल तर घ्यायला जागा आहे, आणि ती त्याने डोळ्यांनी मिळवलेली आहे.

संस्कृत नाटकाच्या वाचकाला ही अडचण ओळखीची वाटेल. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरील ग्रंथात बोलण्याचे सर्वश्राव्य (सर्वांनी ऐकायचे), नियतश्राव्य (ठरावीक पात्रांनीच ऐकायचे) आणि अश्राव्य (इतर पात्रांनी न ऐकायचे) असे प्रकार केलेले आहेत. स्वगत रंगमंचावरच्या इतर पात्रांना ऐकू जात नाही, आणि जनान्तिक बोलताना नट हाताची त्रिपताक मुद्रा करून बाकीच्यांना त्या संभाषणाबाहेर ठेवतो. प्रेक्षक ऐकतात, शेजारी उभा असलेला नटही ऐकतो. ऐकत नाही ते त्याचे पात्र. फरक एवढाच की नटाची पुढची वाक्ये पाठ असतात, त्यामुळे कानावर पडलेले स्वगत त्याच्या वागण्यात मिसळण्याची भीती नसते. रोलप्ले करणाऱ्याला पुढचे वाक्य त्याच क्षणी सुचायचे असते, आणि जे सुचते ते ऐकलेल्यातूनच सुचते.

दृश्य खेळांत माहिती पडद्यावरच लिहिलेली असते. नोव्हेंबर 2004 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ सुरू झाला तेव्हापासून त्यात रोलप्लेसाठी राखीव सर्व्हर आहेत, पण समोरून येणाऱ्या अनोळखी पात्राच्या डोक्यावर त्याचे नाव तरंगत असते. ओळख करून घेण्याआधीच त्याला नावाने हाक मारणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक. ‘टोटल आरपी 3’सारख्या जोडणीत, म्हणजे खेळाला वरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये, खेळाडू आपल्या पात्राचे रूप आणि पूर्वेतिहास लिहून ठेवतात, रूप दिसते, म्हणून ते वापरायला हरकत नाही, पूर्वेतिहास मात्र केवळ वाचकासाठी असतो. उलटपक्षी, काही गोष्टी सॉफ्टवेअरच सांभाळते : याच खेळात शत्रुपक्षाचे बोलणे दुसऱ्या पक्षाला निरर्थक अक्षरांत दिसत असे, त्यामुळे तिथे खेळाडूच्या सचोटीवर विसंबावे लागत नसे.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो 5’ या 2013 मधील खेळावर ‘फाइव्हएम’ या खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने चालणाऱ्या सर्व्हरवर हा नियम सर्वांत कडक रूपात दिसतो. तिथे डोक्यावरची नावे बहुधा लपवलेली असतात आणि आवाज अंतराप्रमाणे ऐकू येतो. तरी दरोडेखोर आणि पोलीस झालेले खेळाडू खेळाबाहेर मित्र असतात, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर एकाच खोलीत बसलेले असतात. ‘आम्ही बँकेत शिरतोय’ हे तिथे कानावर पडलेला पोलीस पाच मिनिटांनी ‘सहज गस्त घालत’ बँकेपाशी पोहोचला, तर त्याचा खुलासा कोणी मानत नाही. मुखवट्याआडचा आवाज ओळखावा की नाही, याबद्दल सर्व्हरगणिक वेगवेगळे नियम आहेत, आणि माझ्या मते दोन्ही बाजूंना तथ्य आहे. पात्र मारले गेल्यास त्याने मृत्यूपर्यंतचा प्रसंग विसरावा, असा ‘न्यू लाइफ रूल’ अनेक ठिकाणी असतो. ‘गॅरीज मॉड’ या दुसऱ्या एका खेळातील रोलप्लेत तर काही काळ मृत्यूच्या जागी परतण्यासही मनाई असते, म्हणजे विसरणे निदान पायांनी तरी पाळले जाते.

थेट प्रक्षेपणाने यात तिसरा पक्ष आणला. ट्विच किंवा यूट्यूबवर खेळ दाखवणाऱ्याच्या चॅटमध्ये प्रेक्षक ‘तो मागच्या गल्लीत लपलाय’ असे कळवतात, कारण त्यांनी ते दुसऱ्या खेळाडूच्या प्रक्षेपणात पाहिलेले असते. खेळाडूने विचारलेले नसते, पण वाचले गेलेले परत न वाचलेले होत नाही. म्हणून काही जण प्रक्षेपण थोडे मागे ठेवतात, काही चॅट बंद करतात, आणि चॅटचे नियामक असे संदेश पुसतात.

खेळाडूचे ज्ञान वापरणे सरसकट वाईट, असे समजणे मात्र चूक ठरेल. नॉर्डिक देशांतील लार्प परंपरेत, म्हणजे प्रत्यक्ष वावरून खेळायच्या भूमिकाखेळांत, कथा रंगावी म्हणून पात्राचे रहस्य उघडे पडू देणे किंवा जाणूनबुजून हरणे याला मान आहे. पात्राबाहेरच्या कारणांसाठी पात्राला वळवण्याच्या या कृतीचे मोंटोला, स्टेनरोस आणि सायटा यांनी 2015 मध्ये ‘स्टिअरिंग’ या नावाने विवेचन केले. समोरच्या माणसाला एखादा विषय खरोखर त्रासदायक आहे हे कळल्यावर पात्राला तिथून बाजूला नेणे हेही तांत्रिकदृष्ट्या मेटागेमिंगच आहे, पण त्याची तक्रार कोणी करत नाही. जिथे एकाचा फायदा आणि दुसऱ्याची फसगत होते, तिथेच तक्रार होते.

तक्रार आली की पडद्याचे ध्वनिचित्रण मागितले जाते आणि माहिती कुठून आली याचा माग काढला जातो. दोष सिद्ध झाल्यास दंडाबरोबरच तो प्रसंगही रद्द ठरवला जातो : जप्त केलेले पैसे परत जातात, अटक झालेला मोकळा होतो, कथेपुरते काहीच घडलेले नसते. खेळाडूंना मात्र तो प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह आठवत असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पात्रे रस्त्यात समोरासमोर येतात तेव्हा त्यांना एकमेकांशी पहिल्यांदाच भेटल्यासारखे बोलावे लागते.