घोळणा फुटल्यावर मान मागे टाकू नये

जळगाव-भुसावळकडे मार्च-एप्रिलात पारा ४० अंशांपुढे गेला, की कोरड्या हवेने नाकातील नाजूक त्वचा सुकते आणि माध्यमिक शाळांत भर वर्गात एखाद्या मुलाचा घोळणा फुटतो. अशा वेळी मान मागे टाकून मुलाला आडवे करावे आणि कांदा हुंगवावा, ही समजूत खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती चुकीची आहे. मान मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, ते केवळ दिसेनासे होते आणि घशात उतरून उलटी किंवा ठसका लागण्याचा धोका निर्माण होतो. कांद्याच्या वासानेही रक्त थांबत नाही.

रक्त बहुधा नाकाच्या पुढच्या पडद्यातील बारीक वाहिन्यांतून येते. म्हणून मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे आणि हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धरून, मध्ये एकदाही न सोडता, १० मिनिटे दाबावा. तेवढा वेळ त्याने तोंडाने श्वास घ्यावा व घशात आलेले रक्त थुंकावे. घाबरलेल्या मुलाला शिक्षकाचा शांत आवाज फार आधार देतो. अर्ध्या तासात रक्त थांबले नाही किंवा डोक्याला मार लागलेला असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.