मोटार आणि कॅरॅव्हानची जोडी

मोटारीमागे जोडून ओढायचे, स्वतःचे इंजिन नसलेले चाकांवरचे घर म्हणजे कॅरॅव्हान. (इंजिन असते ती मोटरहोम, ती वेगळी.) कोणत्या मोटारीला केवढी कॅरॅव्हान झेपेल हे ठरवण्याचे ठोकताळे ब्रिटनमध्ये चांगलेच रुळले आहेत. तिथे मोटार आणि कॅरॅव्हान मिळून होणाऱ्या जोडीला ‘आउटफिट’ म्हणतात.

पहिला हिशोब वजनाचा. मोटारीचे कर्बवेट म्हणजे इंधनासह, पण प्रवासी आणि सामान सोडून भरणारे वजन. चालकाचे ७५ किलो त्यात कुठे धरतात, कुठे नाही. म्हणून आकडा कशाचा आहे ते आधी बघावे. कॅरॅव्हानचा आकडा मात्र भरलेल्या वजनाचा घेतात. सामानासकट तिचे वजन जास्तीत जास्त किती असू शकते, ती मर्यादा म्हणजे ‘एमटीपीएलएम’. नवशिक्याने हा आकडा कर्बवेटच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सल्ला दिला जातो. १,५०० किलोच्या मोटारीला १,२७५ किलोची कॅरॅव्हान झाली. मुरलेल्या चालकानेही शंभर टक्के ओलांडू नयेत. हा सल्ला आहे, कायदा नव्हे. पण मागची गाडी पुढचीपेक्षा जड झाली की कोण कोणाला ओढते आहे हा प्रश्नच उरतो.

दुसरी मर्यादा मोटार बनवणाऱ्याची, आणि ती मोडता येत नाही. मोटारीवरच्या पट्टीवर भरलेल्या मोटारीचे कमाल वजन आणि दोन्ही गाड्यांचे मिळून कमाल वजन दिलेले असते. पहिले २,००० आणि दुसरे ३,२०० किलो असेल, तर पूर्ण भरलेल्या मोटारीमागे १,२०० किलोच ओढता येतात, ८५ टक्क्यांचे गणित काहीही सांगो. विजेच्या मोटारी इथेच फसवतात. बॅटरीमुळे त्या वजनाला भक्कम असतात, पण त्यांतल्या कित्येकींना ओढण्याची परवानगी अगदी कमी असते किंवा मुळीच नसते.

वजन जुळले तरी ते कुठे आहे हा मुद्दा राहतोच. बैलगाडी हाकणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी ‘उलाळ’ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की ‘धुरजड’ होऊन बैलांच्या मानेवर बसते. कॅरॅव्हान थोडी धुरजडच हवी. तिच्या पुढच्या जोडाने मोटारीच्या टोबॉलवर, म्हणजे कॅरॅव्हान अडकवायच्या मागच्या गोळ्यावर, टाकलेल्या भाराला ‘नोजवेट’ म्हणतात. तो भरलेल्या कॅरॅव्हानच्या ५ ते ७ टक्के असावा, म्हणजे १,२०० किलोला ६० ते ८४ किलो. मात्र मोटारीची, टोबारची (टोबॉल ज्यावर बसवतात त्या दांड्याची) आणि कॅरॅव्हानच्या जोडाची अशा तीन मर्यादांपैकी जी सर्वांत कमी, तीच खरी.

हे मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. सपाट जमिनीवर कॅरॅव्हानची चाके अडवायची, टोबॉलच्या उंचीला येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करून जोड त्यावर टेकवायचा आणि कॅरॅव्हानचे पुढचे छोटे टेकूचे चाक (जॉकी व्हील) वर घ्यायचे. आकडा कमी आला तर सामान पुढे सरकवायचे. जड वस्तू आसाजवळ आणि तळाशी ठेवतात, हलक्या वरच्या कपाटांत. पाण्याचे पिंप प्रवासात रिकामे ठेवतात. ४० लिटरचे पिंप म्हणजे ४० किलो.

कायद्याने ब्रिटनमध्ये कॅरॅव्हान ओढताना मोटरवेवर (द्रुतगती मार्गावर) ताशी ६० मैल, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० मैल ही कमाल मर्यादा आहे. तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन वर्ज्य. १ जानेवारी १९९७ पासून परवाना मिळालेल्यांना मोठी कॅरॅव्हान ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंत ओढता येऊ लागले. परीक्षा गेल्याने हा हिशोब आता चालकालाच करावा लागतो.

तो चुकला की कॅरॅव्हान सापासारखी डोलू लागते. निमित्त बहुधा शेजारून गेलेल्या ट्रकच्या वाऱ्याचे किंवा उतारावरच्या वेगाचे. वेग जास्त असेल तर झोल विरण्याऐवजी वाढत जातो आणि कॅरॅव्हान मोटारीची शेपटी हलवू लागते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबायचा नाही, झोलाच्या उलट स्टिअरिंग फिरवायचे नाही आणि वेगही वाढवायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढून स्टिअरिंग सरळ धरायचे. पुढे थांबल्यावर आधी कॅरॅव्हानच्या मागच्या टोकाला काय लादले आहे ते बघतात; सायकली तिथे टांगलेल्या असतील तर शोध बहुधा तिथेच संपतो.