आयपॅडवरचे स्ट्रिंग्ज खोटे का वाटायचे?

पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. त्यानंतर त्या सुराचं काय व्हायचं, हे वादकाच्या हातात जवळजवळ राहत नाही. व्हायोलिनचं तसं नाही. गज तारेवर आहे तोवर सूर क्षणोक्षणी बदलतो: गजाचा दाब, वेग, डाव्या हाताच्या बोटाचं कंपन, एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाची ओढ. म्हणूनच यंत्रात पियानो पकडणं तुलनेनं सोपं गेलं आणि स्ट्रिंग्जनी, म्हणजे व्हायोलिन, चेलो अशा गजाच्या वाद्यांनी, अभियंत्यांना साठ वर्षं दमवलं. आयपॅडवर संगीत करणारे तक्रार करतात की पियानो उत्तम वाजतो, ड्रम्स दणदणीत लागतात, पण स्ट्रिंग्ज ‘कीबोर्डचे’ वाटतात. या तक्रारीचं मूळ आयपॅडच्या बरंच मागे आहे.

अमेरिकेत हॅरी चेंबरलिन यांनी बनवलेल्या वाद्यावरून १९६३ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन तयार झालं. त्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपचा एक वेगळा तुकडा होता आणि त्यावर खऱ्या वादकांनी वाजवलेला तेवढा एकच सूर होता. पट्टी दाबली की टेप चालू होई. साधारण आठ सेकंदांत ती संपे आणि पट्टी सोडली की स्प्रिंग तिला मागे खेची. आवाज खऱ्या व्हायोलिनचा, तरीही ऐकणाऱ्याला ऑर्केस्ट्रा वाटत नसे, कारण प्रत्येक सूर एकटा होता. मागच्या सुराशी त्याचं काही नातं नव्हतं, तो दर वेळी शून्यातून सुरू होई. पुढच्या साठ वर्षांतली मुख्य अडचण मला इथेच दिसते. नादापेक्षा दोन सुरांमधली जागा अवघड होती.

सत्तरच्या दशकात नेदरलँड्समधल्या एमिनंट कंपनीच्या सोलिना स्ट्रिंग एन्सेम्बल या कीबोर्डनं रेकॉर्डिंगला पूर्ण फाटा दिला. वरच्या सप्तकातले बारा सूर सर्किटनं तयार करायचे, खालचे सगळे सूर त्यांची वारंवारिता निम्मी-निम्मी करत मिळवायचे, आणि तो आवाज सतत कमी-जास्त होणाऱ्या विलंबांतून फिरवायचा. तो विलंब फार शहाणपणाचा होता. वीस व्हायोलिनवादक एकच सूर वाजवतात तेव्हा कुणीच अगदी त्याच स्वरात, अगदी त्याच क्षणी नसतो. या बारीक फरकातूनच समूहाचा भरदारपणा येतो. सोलिनाला एक व्हायोलिन कधीच जमलं नाही, पण समूहाची चाल तिनं बरोबर ओळखली होती.

१९७९ मध्ये सिडनीतून फेअरलाइट सीएमआय हे संगणकी वाद्य आलं आणि डिजिटल सॅम्पलिंग, म्हणजे खऱ्या वाद्याचा सूर अंकांत साठवून पट्टीवरून वाजवणं, संगीतकारांच्या हाती पडलं. त्यात एका आवाजासाठी मेमरी होती १६ किलोबाइट. नऊ वर्षांनी आलेल्या अकाई एस-१००० या सॅम्पलरमध्ये सीडीच्या दर्जाचा १६-बिट आवाज होता, पण मूळ मेमरी २ एमबीच. त्या दर्जात मोनो रेकॉर्डिंग बसे जेमतेम २४ सेकंदांचं, आणि तेवढ्यात सगळी सप्तकं भागवायची. मग काय करायचं? चार-पाच सुरांमागे एकच सॅम्पल ताणायचं, सुराचा मधला तुकडा लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा, फिरवत ठेवायचा. कान त्या लूपमधल्या कंपनाची पुनरावृत्ती लगेच पकडतो. ‘कीबोर्डचे स्ट्रिंग्ज’ ही ओळख मोठ्या प्रमाणात या काटकसरीतून आली.

आपल्याकडे या बदलाची झळ वादकांना बसली. मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंतला व्हायोलिनचा ताफा मुख्यतः नोटेशन वाचणाऱ्या गोवेकर वादकांच्या बळावर उभा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातले वादक आणि अरेंजर, आणि प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. सिंथेसायझर आणि सॅम्पलर आले, प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित करणारं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग रुळलं, तसं या मोठ्या ताफ्याचं काम आटत गेलं. त्या वादकांची जागा घेणारा आवाज त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

खरा बदल १९९८ मध्ये झाला. गिगासॅम्पलर या सॉफ्टवेअरनं सुराची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवली आणि बाकीचा सूर वाजता वाजता हार्ड डिस्कवरून ओढायला सुरुवात केली. मेमरीचं कुंपण मोडलं. त्याआधी जॅझ बासवादक मिरोस्लाव्ह व्हितूश यांनी प्रागमध्ये चेक फिलहार्मोनिकच्या वादकांकडून सॅम्पल्स ध्वनिमुद्रित करून घेतली होतीच. आता कितीही सॅम्पल्स ठेवणं शक्य झालं. २००० मध्ये हर्ब टुकमांडल यांनी व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररी हा सॅम्पल्सचा संग्रह सुरू केला. ते स्वतः चेलोवादक, त्यामुळे दुखणं कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सुटे सूर तर घेतलेच, शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याची प्रत्येक हालचाल वेगळी रेकॉर्ड केली. मेलोट्रॉनमध्ये जी जागा रिकामी होती ती पहिल्यांदाच भरली गेली. त्याची किंमत मात्र जागेत मोजावी लागली. लायब्ऱ्या शेकडो जीबींवर गेल्या.

आणि २०१० मध्ये आयपॅड आला तो २५६ एमबी रॅम घेऊन. सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये साठवण १६ जीबी. संगणकावर नुकतं सुटलेलं कोडं टॅबलेटवर पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. शिवाय संगणकावरचे व्हीएसटी प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची वाद्यं) इथे चालत नाहीत, त्यामुळे कोंटॅक्टसारख्या सॅम्पलरसाठी बनलेल्या मोठ्या लायब्ऱ्या टॅबलेटवाल्यांच्या हाताबाहेरच राहिल्या. ॲपलच्या गॅरेजबँड ॲपनं स्मार्ट स्ट्रिंग्ज दिले. बोट ओढलं की गज, टॅप केलं की पिझिकाटो, म्हणजे बोटानं छेडलेली तार. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण काचेवर ओढलेलं बोट पट्टीपेक्षा गजाच्या जास्त जवळचं आहे. पण मागची सॅम्पल्स छोटी होती.

पुढे दोन वाटा फुटल्या. २०१५ मध्ये आयओएस ९ सोबत एयूव्ही३ प्लगइन आले आणि एका ॲपमधलं वाद्य दुसऱ्या ॲपमध्ये उघडू लागलं. साठवण वाढली, डिस्क वेगवान झाली. २०२० मध्ये स्टाफपॅड आयपॅडवर आलं. पेन्सिलनं नोटेशन लिहायचं आणि नामांकित कंपन्यांच्या ऑर्केस्ट्रा लायब्ऱ्यांमधून ते ऐकायचं. ही सॅम्पलिंगची वाट. दुसरी वाट फिजिकल मॉडेलिंगची: तार, गज आणि वाद्याची पेटी यांचं वर्तन गणितानं तिथल्या तिथे घडवायचं. ऑडिओ मॉडेलिंग कंपनीची स्वाम वाद्यं या वाटेवरची. त्यांना जीबींची गरज नाही, त्यामुळे टॅबलेटला ती फार सोयीची. मात्र सतत हाताळणी लागते. बोटानं किंवा कंट्रोलरनं गजाचा दाब दिलाच नाही, तर तो सूर निर्जीव वाटतो.

आपल्या संगीताला इथे वेगळीच अडचण येते. लंडन, प्राग, व्हिएन्नामध्ये मुद्रित झालेल्या लायब्ऱ्यांमध्ये स्टॅकाटो (तुटक सूर), ट्रेमोलो (थरथरता गज), लिगाटो (जोडलेले सूर) सगळं आहे, पण सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड नाही आणि सुराला हेलकावणारं गमक नाही. भावगीताच्या मधल्या म्युझिकसाठी समूहाचा पडदा लायब्ररीतून चालतो, कारण तिथे लांब, एकसंध सूर लागतात. त्यावरची एकट्या व्हायोलिनची ओळ मॉडेलिंगच्या वाद्यावर, सूर सरकवत वाजवली तर बरीच जवळ जाते. ज्यांना जमतं ते तेवढी ओळ एखाद्या वादकाकडून वाजवून घेतात. सॅम्पलच्या समूहावर एक खरं व्हायोलिन ठेवलं तरी कानाला अख्खा समूह अधिक खरा वाटू लागतो. स्टुडिओत ही युक्ती जुनीच आहे, आणि आयपॅडला साधा माइक जोडला तरी ती घरी करता येते.