कोड एडिटरमधील रीड-ओन्ली भाग

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोड एडिटरमधील मजकुराचा काही भाग वाचता, निवडता व कॉपी करता येईल पण बदलता येणार नाही, आणि उरलेल्या भागात नेहमीप्रमाणे लिहिता येईल, अशी केलेली व्यवस्था. ऑनलाइन स्वाध्यायांत फंक्शनचे नाव व चाचण्या कायम ठेवून विद्यार्थ्याला केवळ मधला भाग लिहायला देणे, हा तिचा परिचित उपयोग होय. संपूर्ण एडिटर बंद ठेवण्याची सोय एका पर्यायाने होते. प्रस्तुत नोंद अंशतः संरक्षणापुरती आहे.

या कल्पनेचा उगम कोठे मानावा, यावर एकमत होणे अवघड आहे. आयबीएमने १९७१ मध्ये आणलेली ३२७० मालिकेतील टर्मिनले, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेले पडदा-कीबोर्ड संच, हे जुने व ठळक उदाहरण. त्यांच्या पडद्यावर प्रत्येक रकान्याच्या आरंभी एक गुणदर्शक बाइट असे. तो स्वतः एका अक्षराची जागा अडवी, आणि पुढचा असा बाइट येईपर्यंतचा मजकूर संरक्षित आहे की नाही, हे ठरवी. संरक्षित रकान्यात टाइप करू पाहिल्यास कीबोर्ड अडे व रीसेटची कळ दाबल्यावर मोकळा होई. परंतु तेथे रकान्यांच्या जागा ठरलेल्या असत. वर एक ओळ वाढली म्हणून खालचा संरक्षित भाग सरकण्याचा प्रश्न उद्भवत नसे. कोड एडिटरमध्ये नेमका हाच प्रश्न मध्यवर्ती असल्याने, ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या १९ व्या आवृत्तीत, म्हणजे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात, आलेले मजकूर-गुणधर्म हेच अधिक जवळचे पूर्वज मानणे सयुक्तिक वाटते. त्यांत ‘रीड-ओन्ली’ हा गुणधर्म थेट अक्षरांना चिकटतो व त्यांच्यासोबत सरकतो. शिवाय शेजारी नव्याने आलेल्या अक्षराने तो घ्यावा की नाही, हेही ठरवता येते. नेटबीन्स या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनात फॉर्मसाठी आपोआप तयार होणारा कोड विशिष्ट टिप्पण्यांच्या दरम्यान ठेवून संरक्षित केला जाई. तीच फाइल अन्य एडिटरमध्ये उघडल्यास मात्र त्या टिप्पण्यांना काही अर्थ उरत नसे.

व्यवहारात सर्वाधिक अडचणी सीमेवर येतात. पहिल्या ओळीत फंक्शनचे नाव, तिसऱ्या ओळीत चाचणी आणि मधली ओळ विद्यार्थ्यासाठी मोकळी आहे, असे समजू. दुसऱ्या ओळीच्या आरंभी बॅकस्पेस दाबल्यास पुसले जाणारे अक्षर हे पहिल्या ओळीच्या शेवटचे ओळबदलाचे चिन्ह असते. ते संरक्षित भागात धरले नसेल, तर मोकळी ओळ वर जाऊन फंक्शनच्या नावाला चिकटते. उलट, विद्यार्थ्याने मधला मजकूर पूर्ण पुसला आणि दोन्ही संरक्षित भागांच्या सीमा नवे अक्षर आपल्यात सामावून घेणाऱ्या ठेवल्या असतील, तर ते भाग एकमेकांना भिडतात व पुन्हा एक अक्षरही लिहिता येत नाही. देवनागरी टिप्पण्यांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ‘क्षि’ हे वाचकाला एक अक्षर असले तरी एडिटरच्या मोजणीत ती चार एकके आहेत. संरक्षित भाग ‘क’वर संपत असेल आणि पुढे कोणी वेलांटी टाइप केली, तर संरक्षित मजकूर अबाधित राहूनही पडद्यावर ‘कि’ दिसू शकते. म्हणून सीमा ओळीच्या अखेरीसच ठेवणे श्रेयस्कर.

कोडमिरर या ब्राउझरमधील कोड एडिटरच्या ५ व्या आवृत्तीत मजकुराच्या तुकड्यावर खूण करून तो रीड-ओन्ली करता येतो व दोन्ही टोके स्वतंत्रपणे ठरवता येतात. मात्र अशी खूण केल्यावर तोवरचा अनडूचा इतिहास पुसला जातो, कारण जुने बदल अर्धवट रद्द झाल्यास तो इतिहासच विसंगत होईल. २०२२ मध्ये स्थिर झालेल्या ६ व्या आवृत्तीत बदल लागू होण्यापूर्वी सामान्यतः ‘चेंज फिल्टर’ या तपासणीच्या फंक्शनमधून जातो आणि फिल्टरने परत केलेल्या पट्ट्यांतील, म्हणजे मजकुराच्या सलग भागांतील, बदल तेवढे गाळले जातात. तेथील सर्वसाधारण ‘रीड-ओन्ली’ पर्याय संपादनाच्या आज्ञांना केवळ सूचना देतो. प्रोग्रॅमने थेट केलेला बदल तो स्वतः रोखत नाही, ही बाब अनेकदा नजरेतून सुटते. एस (Ace) व मोनॅको या ब्राउझरमधील अन्य कोड एडिटरांत अंशतः संरक्षणासाठी जोडकोड लिहावा लागतो. केवळ कळा अडवणारा जोडकोड अपुरा पडतो: पेस्ट, ओढून टाकणे, अनडू आणि ‘सर्व बदला’ या वाटा उघड्याच राहतात. बदल होऊ देऊन लगेच मागे घेण्याची रीतही प्रचलित आहे, पण तीत मजकूर क्षणभर लुकलुकू शकतो. बदल लागू होण्यापूर्वी तपासणे हीच पद्धत अधिक विश्वसनीय होय.

ब्राउझरमधील कोणतेही संरक्षण वापरणाऱ्याला त्याच्या डेव्हलपर टूल्समधून काढून टाकता येते. त्यामुळे ज्युपिटर नोटबुकांसाठीचे (कोड व मजकुराच्या चौकटी असलेल्या दस्तऐवजांसाठीचे) एनबीग्रेडर हे गुणांकनाचे साधन स्वयंचलित गुणांकनाच्या वेळी, बंद ठेवलेल्या चौकटींतील मजकूर शिक्षकाच्या मूळ प्रतीवरून पुन्हा भरून घेते आणि त्यानंतरच चाचण्या चालवते.