उत्कंठा (लघुकथेतील)

पुढे काय होणार हे कळण्याआधी वाचकाला लागलेली ओढ आणि त्या ओढीत मिसळलेली धास्ती, म्हणजे उत्कंठा. मूळ संस्कृत शब्दात मान उंचावून वाट पाहण्याची कल्पना आहे. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते, तेव्हा कण्व आपल्या मनाची अवस्था याच शब्दाने सांगतो. तिथे रहस्य काहीच नाही. मुलगी जाणार हे ठरलेलेच आहे. आज शब्दाचा रोख बदलला आहे, तरी ही जुनी छटा लक्षात ठेवावी. उत्कंठेला वाचकाचे अज्ञान लागतेच असे नाही. पुष्कळदा त्याला जरा जास्त माहीत असावे लागते.

रहस्य, धक्का आणि उत्कंठा यांची गल्लत नेहमी होते. घडून गेलेल्या गोष्टीचे कारण लपवले की रहस्य. काहीच कल्पना नसताना अंगावर आले की धक्का. संकट दिसते आहे, पण ते कधी आणि कोणावर कोसळेल हे ठरलेले नाही, ही उत्कंठा.

खानदेशातल्या गिरणा नदीकाठच्या केळीच्या बागेत घडणारी, केवळ उदाहरणासाठी रचलेली एक कथा घेऊ. शेतीपंपांना वीज चक्राकार पद्धतीने मिळते, त्यामुळे काही दिवस रात्रीची पाळी येते. दोन भाऊ खळ्यात खाटेवर आडवे झाले आहेत. लाइट आली की थोरल्याने जाऊन मोटार सुरू करायची, ठिबकचे कॉक फिरवायचे. कथा धाकटा सांगतो. स्टार्टरच्या पेटीतली एक वायर उघडी पडली आहे आणि खाली चिखल आहे, हे त्याने संध्याकाळीच पाहिले आहे. दुसऱ्या परिच्छेदात तो हे वाचकाला सांगतो. भावाला सांगत नाही.

यानंतर कथेत जवळजवळ काहीच घडत नाही, आणि तिची खरी ताकद तिथेच आहे. थोरला बिडी पेटवतो. टॉर्चचे सेल काढून पुन्हा बसवतो. यंदाच्या केळीच्या भावाविषयी बोलतो, मग बहिणीला अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आणायचे काढतो. एरवी कंटाळवाणा वाटणारा हा तपशील त्या वायरमुळे जड होतो. याला विलंबाचे तंत्र म्हणतात. विलंब म्हणजे पाल्हाळ नव्हे. लांबलेल्या प्रत्येक वाक्यात धाकट्याला बोलण्याची एक संधी मिळते आणि तो ती दवडतो. वायरचा आधीच आलेला उल्लेख हे पूर्वसूचन. प्रथमपुरुषी निवेदन ही इथली सर्वांत धूर्त निवड, कारण वाचक धाकट्याच्या गुपितात वाटेकरी होतो. हीच कथा तृतीयपुरुषी निवेदनात सांगितली तर ती अपघाताची बातमी होण्याचा धोका आहे.

आता आशयसूत्र, म्हणजे कथेचा मध्यवर्ती विचार. बांधाचा वाद, वाटणी, बापाने थोरल्याच्या नावावर केलेली विहीर या गोष्टी कथेत एकेका वाक्यात येऊन जातात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एका रकान्यात ‘तंत्र’ आणि दुसऱ्या रकान्यात ‘भाऊबंदकी’ असे लिहिले जाते. ही विभागणी सोयीची असली तरी चुकीची आहे. इथे माहिती रोखून धरणे हेच तंत्र आणि हाच गुन्हा. गप्प राहणे म्हणजे करणेच का, हा प्रश्न कथा कुठेही उच्चारत नाही. तो निवेदनाच्या रचनेतच आहे.

इतिहास थोडक्यात. कथेने एकच परिणाम साधावा, हा आग्रह अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने 1842 मध्ये मांडला. घटनांचा मूळ क्रम आणि त्या सांगण्याचा क्रम यांतला फरक रशियन रूपवाद्यांनी, म्हणजे साहित्याच्या रचनेवर भर देणाऱ्या समीक्षकांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्पष्ट केला. उत्कंठेचे आजचे विश्लेषण अजूनही त्याच पायावर उभे आहे. मराठीत ना. सी. फडके यांनी गुंफण आणि कलाटणीच्या तंत्राचा हिरिरीने पुरस्कार केला. 1945 नंतरच्या नवकथेने कलाटणीवरचा भर कमी केला आणि ताण माणसाच्या मनात नेला. वरची कथा या दुसऱ्या वाटेची आहे. खानदेशात उत्कंठेचे याहून जुने कूळही सापडते. तिथल्या अहिराणी बोलीत कोड्याला ‘आन्हा’ म्हणतात. आन्हा घालणाऱ्याला उत्तर ठाऊक असते आणि ऐकणाऱ्याला किती ताटकळत ठेवायचे हे तोच ठरवतो.

बोली हे या प्रदेशातल्या कथाकाराच्या हातचे आणखी एक साधन. अंधारातून कोणी ‘कोन शे?’ (अहिराणीत ‘कोण आहे?’) म्हणाले, तर खानदेशी वाचक त्या एका क्रियापदावरून माणूस कुठला ते ओळखतो. रावेर-यावलकडच्या लेवा बोलीत हे ‘शे’ नाही. अनोळखी पात्राचे गाव न सांगता सुगावा पेरायला एवढे पुरते. चकवा द्यायचा असेल तर उलटही करता येते.

आपल्या कथेचा शेवटही बोलीवरच टेकला आहे. दूरच्या मळ्यात दिवे लुकलुकतात. थोरला उठत विचारतो, ‘लाइट उनी का रे?’ धाकटा म्हणतो, ‘उनी व्हई.’ चपलांचा आवाज बागेत शिरतो आणि कथा थांबते. ‘व्हई’मध्ये ‘असेल’ आहे, खात्री नाही. नंतर कोणी विचारलेच तर त्या शब्दाआड लपता येते. प्रमाण मराठीत आणताना एखाद्या संपादकाने तिथे ‘आली’ असे केले, तर वायर, चिखल, बिडी सगळे जागेवर राहील आणि धाकट्याची पळवाट तेवढी बुजून जाईल.