टीडब्ल्यूआरपीच्या बॅकअपमध्ये फोटो नसतात

बेळगाव, निपाणी, खानापूरकडं रूट केलेला, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवलेला अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या पोरांत एक समज पक्का बसलाय: टीडब्ल्यूआरपीमधून (अँड्रॉइड सुरू न करता बॅकअप घेणारं, नवी सिस्टिम टाकणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर) ‘डेटा’चा बॅकअप घेतला की फोनमधलं सगळं आलं. तसं नाही. त्यात ॲप्स आणि त्यांची सेटिंग्ज येतात. इंटर्नल स्टोरेज, म्हणजे फोटो, व्हिडिओ, डाउनलोड, मुद्दाम वगळलेलं असतं. साध्या फॅक्टरी रीसेटमध्ये टीडब्ल्यूआरपी ते स्टोरेज पुसत नाही; फोटो जागेवरच राहतात आणि ते बॅकअपमधून आले असं वाटतं, म्हणून हा गैरसमज टिकला.

घातक गोष्ट वेगळीच आहे. बॅकअप सहसा त्याच स्टोरेजमध्ये पडतो. नवा रॉम, म्हणजे फोनची नवी सिस्टिम, टाकताना ‘फॉरमॅट डेटा’ निवडून ‘येस’ टाइप केलं, की गणपतीतले फोटोही गेले आणि बॅकअपही! आधी ‘डीसीआयएम’ (कॅमेऱ्याचे फोटो) आणि ‘टीडब्ल्यूआरपी’ (बॅकअप) ही दोन्ही फोल्डरं केबलनं कॉम्प्युटरवर घ्या. तिथं फोटो उघडतात का तेही बघा.